फ्यूग विसरल्यानंतर सुरू झालेलं लिखाण

जुळे सोलापुरातून एका चोवीस वर्षांच्या मुलीचं पत्र आलं आहे. नाव छापू नका, असं तिनं वर आणि खाली दोनदा लिहिलंय. पत्र लांबलचक आहे, म्हणून त्यातलं नेमकं तेवढं देते. (फ्यूग म्हणजे एकच सुरावट वेगवेगळ्या आवाजांत एकामागून एक येऊन गुंफत जाते अशी रचना.)

"ताई, मी सातव्या वर्षापासून पियानो शिकते. रेल्वे लाइन्सकडे राहणाऱ्या एका ख्रिस्ती बाईंनी शिकवलं. परीक्षांची आठवी, म्हणजे शेवटची ग्रेड झाली, बी.कॉम. झालं. आता महिन्यातून दोनदा रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबईला सरांकडे जाते आणि रात्रीच्याच गाडीनं परत येते. घरी मुलांना शिकवते. गेल्या फेब्रुवारीत मुंबईतल्या एका छोट्या कार्यक्रमात बाखचा सी मायनरमधला फ्यूग वाजवताना मधेच विसरले आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवला. मार्चपासून मी संगीतावर मराठीत लिहायला लागले. एका दिवाळी अंकानं लेख छापला, तो सोबत पाठवतेय. सर म्हणतात, लिहिणं बंद कर, पियानिस्ट लिहीत बसत नाहीत. बाबा टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतात. ते म्हणतात, लिहायला खर्च नाही, ते कर. पियानो सोड आणि बी.एड. कर. शेजारच्या काकू विचारतात, टिंग टिंग काय करायलीस गं दिवसभर? मी कुणाचं ऐकू? सोलापुरात राहून पियानिस्ट होता येतं का? उन्हाळ्यात पियानो बेसूर होतो. आणि ज्या आठवड्यात लेख चांगला उतरतो त्या आठवड्यात पियानो उघडावासाच वाटत नाही. ट्यूनर पुण्याहून बोलवावा लागतो, तो खर्च वेगळा.

ता. क. पुढच्या लेखात सरांचा एक प्रसंग आहे. त्यांना मराठी वाचता येत नाही. तरी दाखवायचा का?"

प्रिय मुली,

तू बरेच प्रश्न विचारलेस, पण मी ज्या वाक्यापाशी अडले ते प्रश्न म्हणून आलेलंच नाही. बेसूर पियानो आणि पुण्याचा ट्यूनर यांच्या मधे ते तू हळूच सरकवलंयस: लेख चांगला उतरला की पियानो उघडावासा वाटत नाही. सरांचं आणि बाबांचं म्हणणं मला त्यापुढे दुय्यम वाटतं, कारण या दोघांनाही हे ठाऊक नाही. तू सांगितलेलं नाहीस.

दोन महिन्यांची नावं तूच दिलीस. फेब्रुवारीत फ्यूग विसरलीस, मार्चमध्ये लिहायला बसलीस. पत्रात ती एका पाठोपाठ आली आहेत, पण त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं तू कुठे म्हणत नाहीस. मला तो दिसतो. लिहिताना कुणी समोर बसलेलं नसतं, चुकलं तर खोडता येतं, आणि छापून आलं की नातेवाईक कौतुक करतात. पियानोसमोर यातलं काहीच नाही. तेव्हा माझं पहिलं म्हणणं असं की "लिहू की वाजवू" हा तुझा खरा पेच नाहीच. तू त्या फ्यूगकडे पुन्हा गेलेली नाहीस. लिहिण्यानं तुला न जाण्याची एक सभ्य सबब दिली आहे.

यावरून सरांचं बरोबर आहे असं समजू नकोस. लागलेल्या ठेचेतून सुरू झालेलं लिखाण वाईटच असतं असंही नाही. पण आधी फ्यूगचं बघू.

तो फ्यूग तीन आवाजांचा. १७२२ साली बाखनं बाराही स्वरांवरच्या मेजर आणि मायनर अशा चोवीस स्केलांत एकेक प्रील्यूड (फ्यूगच्या आधी वाजवायचा तुकडा) आणि फ्यूग लिहून जो संग्रह केला, त्यातला हा दुसरा. मधला आवाज विषय मांडतो, मग वरचा, मग खालचा. पुढे तोच विषय वेगवेगळ्या स्वरांत येत राहतो आणि मधले जोडभाग एकमेकांसारखे दिसतात. फक्त प्रत्येकाची बाहेर पडायची वाट वेगळी असते. एक वळण चुकलं की बोटं आपोआप मागच्या ओळखीच्या जागी जातात. तुझं नेमकं हेच झालं असणार. ही बुद्धीची किंवा लायकीची परीक्षा नव्हती. बोटांच्या सवयीवर पाठ केलेला फ्यूग असाच दगा देतो. त्यावर उपायही जुनाच आहे: तुकडे पाडायचे आणि कुठल्याही तुकड्यापासून सुरू करता येईल इतकी तयारी करायची. शेवटून सुरुवातीकडे शिकायचं. एकेक आवाज स्वतंत्र वाजवायचा, आणि एक वाजवताना दुसरा गुणगुणायचा. सर हे तासाभरात दाखवतील. तू विचारलंयस का त्यांना? पत्रात तरी तसं दिसत नाही.

आणि पाठच वाजवलं पाहिजे हा नियम काही बाखच्या काळातला नाही. जर्मन पियानिस्ट क्लारा वीक, पुढची क्लारा शुमान, हिनं १८३७च्या सुमाराला नोट्स समोर न ठेवता वाजवायला सुरुवात केली, तेव्हा तिला शिष्ट म्हणून नावं ठेवणारे होते. आपल्या काळात सोव्हिएत पियानिस्ट स्व्यातोस्लाव रिख्टर उतारवयात सभागृहात अंधार करून, नोट्सवर एक छोटा दिवा लावून वाजवायचा, आणि त्यामुळे त्याला कुणी कमी लेखलं नाही. परीक्षेत किंवा स्पर्धेत पाठ लागतं तिथे कर. एरवी नोट्स ठेव समोर.

आता सरांचं वाक्य. पियानिस्ट लिहीत बसत नाहीत, हे साफ खोटं आहे. मात्र त्यांच्या मनात जी भीती आहे ती खोटी नाही. वाजवता येईनासं झालं की माणूस लिहायला लागतो, असं त्यांना वाटत असावं, आणि त्यासाठी त्यांच्या हाताशी एक भक्कम उदाहरणही आहे: क्लाराचा नवरा, संगीतकार रॉबर्ट शुमान. उजवा हात बिघडला, पियानिस्ट व्हायचं स्वप्न तिथे संपलं, आणि १८३४ साली लाइपझिगमध्ये त्यानं संगीताचं नियतकालिक सुरू केलं, जे दहा वर्षं चालवलं. शोपँ जर्मनीत फारसा कुणाला माहीत नसताना शुमाननं त्याच्याबद्दल लिहिलं. विशीतल्या ब्राम्सबद्दल १८५३ साली लिहिलं. हात गेला म्हणून लेखणी आली, अशी ही गोष्ट सांगता येते. (त्यानं मधल्या काळात काय काय रचून ठेवलं, ते मात्र ही गोष्ट सांगणारे सोयीनं विसरतात.)

दुसरीकडे ऑस्ट्रियन पियानिस्ट आल्फ्रेड ब्रेंडल. याच्यावर थोडं थांबते, कारण तुझ्याशी त्याचं काहीतरी जुळतं. जन्म १९३१, आजच्या चेक देशातल्या मोराव्हियातला. घरात संगीताचं वातावरण नाही. वडिलांनी काही काळ एड्रियाटिकमधल्या क्रक बेटावर हॉटेल चालवलं, आणि पाहुण्यांसाठी ग्रामोफोनवर तबकड्या लावायचं काम या पोराकडे होतं. सोळाव्या वर्षानंतर त्याला नियमित असा शिक्षक नव्हता. तो पियानिस्ट एडविन फिशरच्या वर्गांना गेला, आणि बाकीचं ऐकून, स्वतःचं वाजवणं ध्वनिमुद्रित करून शिकला. सतराव्या वर्षी ग्राझमध्ये त्याचा पहिला कार्यक्रम झाला. विषय काय घेतला असेल? पियानो वाङ्मयातला फ्यूग! त्याच सुमाराला गावातल्या एका दालनात त्याची चित्रं टांगलेली होती. पुढे बीथोव्हन आणि शूबर्टसाठी तो जगभर ओळखला गेला, आणि वाजवता वाजवताच निबंध लिहीत राहिला. नंतर कविताही, त्याही विनोदी आणि तिरकस. डिसेंबर २००८ मध्ये व्हिएन्नात शेवटची मैफल करून त्यानं व्यासपीठ सोडलं. लिहिणं आणि व्याख्यानं पुढे चालूच राहिली. जून २०२५ मध्ये, चौऱ्याण्णवाव्या वर्षी तो गेला. त्याचं लिखाण हाताला पर्याय म्हणून आलेलं नव्हतं. साठ वर्षं हात आणि लेखणी शेजारी शेजारी चालली.

पण ब्रेंडलचं नाव सांगून सरांशी वाद घालायला जाऊ नकोस, आणि त्याच्या नावानं स्वतःला फसवूही नकोस. शिक्षक नसला तरी त्याच्या आजूबाजूला ग्राझ आणि व्हिएन्ना होतं. अठराव्या वर्षी बोल्झानोच्या बुसोनी स्पर्धेत चौथं बक्षीस मिळालं होतं. तुझ्या आजूबाजूला आपल्या सोलापूरचा सात रस्ता आहे. मला सात रस्त्याबद्दल प्रेम आहे, पण तिथे बीथोव्हन ऐकू येत नाही.

आता तुझा लेख. मी तो वाचला, आणि त्यातली दोन वाक्यं बाजूला काढून ठेवली. पहिलं: "फ्यूग म्हणजे अशोक चौकातल्या आमच्या मावशीच्या ओसरीवर एकाच लग्नाची गोष्ट एक जण मराठीत, एक तेलुगूत आणि एक कानडीत सांगते आहे, कुणी कुणासाठी थांबत नाही, आणि तरी गोष्ट पुढे जाते." हे वाक्य सोलापूरबाहेरच्या माणसाला सुचणार नाही, आणि तीन आवाज स्वतःच्या दहा बोटांत सांभाळून न पाहिलेल्यालाही सुचणार नाही. दुसरं: "शोपँच्या सुरांच्या लाटांवर मन अलगद तरंगत दूर निघून गेलं." हे कुणीही लिहील. पियानो न पाहिलेला माणूसही लिहील.

चार्ल्स रोझन नावाचा एक अमेरिकन पियानिस्ट होता (१९२७–२०१२). लिस्टच्या शिष्याकडे, मोरित्झ रोझेंथालकडे शिकलेला, आणि शिवाय प्रिन्स्टनची फ्रेंच साहित्यातली डॉक्टरेट घेतलेला. त्यानं शोपँची एक ध्वनिमुद्रिका केली, तर तिच्या वेष्टनावर दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेली टिपणं आली. त्यात एका नॉक्टर्नबद्दल (रात्रीच्या वातावरणातली पियानोरचना), ते फुलांच्या वासानं झिंगून झोकांड्या खातंय, अशा अर्थाचं काहीतरी होतं. रोझन इतका वैतागला की पुढच्या तबकड्यांची टिपणं स्वतःच लिहायला लागला. ती वाचून प्रकाशक त्याच्याकडे आले. हायडन, मोझार्ट आणि बीथोव्हन यांच्या शैलीवरचं त्याचं १९७१चं पुस्तक त्यातूनच पुढे झालं, आणि त्याला अमेरिकेतला नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. वाजवणं मात्र त्यानं सोडलं नाही.

तुझं लाटांवरचं वाक्य त्या फुलांच्या वासाच्या जातीचं आहे. ओसरीवरचं वाक्य रोझनच्या जातीचं. पुढचा लेख लिहिशील तेव्हा प्रत्येक परिच्छेदाला एवढंच विचार: हे मला वाजवल्यामुळे कळलं का? नसेल तर काप. असं कापायला लागलीस की आपोआप पियानोकडे जावं लागेल, कारण दोन पानांत सामान संपेल. तुझ्या त्या अडलेल्या वाक्यावर मला दिसणारा उपाय हाच. ज्या आठवड्यात वाजवलं नाही त्या आठवड्यात चांगला लेख होता कामा नये, अशी व्यवस्था तू स्वतःसाठी करून ठेव.

मराठीत याला भरपूर पूर्वज आहेत, आणि ते मी तुला सांगण्यापेक्षा तूच तुझ्या वाचकांना सांगावेस. गोविंदराव टेंबे पेटीवादक म्हणून गाजले, 'मानापमान'ला संगीत दिलं, 'अयोध्येचा राजा'त १९३२ साली पडद्यावर हरिश्चंद्र झाले, आणि गाण्याबद्दल असं लिहून गेले की आजही वाचताना समोर मैफल उभी राहते. केशवराव भोळे 'एकलव्य' या नावानं आपल्या काळच्या गवयांवर लिहायचे. हेच भोळे 'आंधळ्यांची शाळा' या १९३३च्या नाटकाचे संगीतकार. मराठी रंगभूमीवर पियानो, व्हायोलिन आणि हवाईयन गिटार आणण्याचं श्रेय त्यांना देतात. म्हणजे तुझं वाद्य आणि तुझं लिहिणं ही दोन्ही एकाच माणसाच्या हातून मराठीत येऊन नव्वद वर्षं झाली. आणि आपल्या गावच्या राम जोशीला कुणी विचारलं असतं का, की तू लावण्या लिहितोस का फडावर गातोस, ते एकदा ठरव?

शेजारच्या काकूंना यातलं काही सांगू नकोस. त्यांना एक दिवस बोलावून चहा दे आणि त्यांच्या ओळखीचं एखादं नाट्यपद वाजवून दाखव. टिंग टिंग बंद होईल असं नाही, पण तक्रारीचा सूर उतरेल. पियानो परका आणि पेटी आपली असं कुणी म्हटलं तर सांग, पेटीही विलायतेतूनच आली, आणि आकाशवाणीनं १९४० पासून तीन दशकं तिला दारात उभं केलं नव्हतं. मी स्वतः पेटीवाली, त्यामुळे हा राग जरा माझाही आहे.

दिवसाची आखणी तू विचारली नाहीस, तरी सांगते. आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर डोकं चालत नाही. सहा ते साडेआठ पियानो, आणि त्या वेळात फोन दुसऱ्या खोलीत. पियानोवर एक साधी वही ठेव. वाजवताना जे जाणवेल ते तिथल्या तिथे एका ओळीत: कितवा बार, कुठलं बोट, काय झालं. यात सुंदर वाक्य लिहायचं नाही. लेख लिहायचा तो दुपारी किंवा रात्रीच्या गाडीत, त्या वहीवरून. सिद्धेश्वरमध्ये दिवे लवकर मालवतात, हे खरं. मग जाताना झोप आणि मुंबईत गाडीची वाट बघताना लिही. तास नुकताच झालेला असतो, सरांचं बोलणं कानात ताजं असतं.

घरातल्यांना तुझी सकाळ तुझी आहे हे आताच अंगवळणी पडू दे. क्लारानं रॉबर्टशी १८४० मध्ये लग्न केलं तेव्हा ती युरोपभर नाव असलेली पियानिस्ट होती आणि तो तिच्या मानानं अनोळखी. पण घराच्या भिंती पातळ. त्याला काही सुचत असलं की तिनं पियानोला हात लावायचा नाही. रोजनिशीत तिनं नोंदवून ठेवलंय की आपला हात मागे पडतोय. त्यात आठ बाळंतपणं. १८५४ साली तो मनोरुग्णालयात गेला, दोन वर्षांत वारला, आणि मग त्याच पियानोवर तिनं पोरं वाढवली. आणखी एक गंमत, गंमत म्हणावी का ते तू ठरव: क्लाराच्या लहानपणीच्या रोजनिशीचा मोठा भाग तिच्या वडिलांनी लिहिलेला आहे, आणि तोही 'मी' म्हणून, जणू तीच बोलतेय. तुझ्या पत्रात 'सर म्हणतात' आणि 'बाबा म्हणतात' किती वेळा आलंय, ते एकदा बघ.

सोलापुरात राहून पियानिस्ट होता येतं का? वर्षभर देशोदेशी मैफली करत फिरणारी पियानिस्ट, असं तुझ्या मनात असेल तर नाही. हे गुळमुळीत सांगण्यात अर्थ नाही. त्या वाटेवरची मुलं दहा-बाराव्या वर्षीच संगीतशाळेत असतात, शिक्षक आठवड्याला भेटतो, महिन्यातून दोनदा नाही. आणि मोठ्या स्पर्धांना वयाची अट असते. भारतात मोठा वाद्यवृंद म्हणावा असा मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रातला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया, तोही २००६ पासूनचा. एकट्या पियानोच्या मैफलींवर पोट भरणारा माणूस इथे शोधावा लागेल.

पण वाजवणं, शिकवणं, साथ करणं, लिहिणं आणि बोलणं मिळून जे आयुष्य होतं त्यालाही पियानिस्टचंच आयुष्य म्हणतात, आणि बहुतेकांचं ते तसंच असतं. त्यातलं बरंचसं सोलापुरात होऊ शकतं. लंडनच्या परीक्षा मंडळाच्या परफॉर्मन्स ग्रेड २०२० पासून व्हिडिओ पाठवून देता येतात. म्हणजे तुझ्या विद्यार्थ्यांना प्रत्येक परीक्षेसाठी पुण्याची गाडी धरायला नको. तू स्वतः आठव्या ग्रेडवर थांबू नकोस. त्याच मंडळाची ए.आर.एस.एम. ही पदविका केवळ वादनाची, अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाची आहे. तुला आत्ता तेच हवंय: ठरलेल्या दिवशी पूर्ण अर्धा तास कुणासमोर तरी वाजवायचं बंधन. कार्यक्रमात तो फ्यूग घे, आणि त्याचा प्रील्यूडही. व्हायोलिनच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना पियानोची साथ लागते, तेही काम हाती घे. दुसऱ्याबरोबर वाजवताना माणूस मधे थांबू शकत नाही, आणि सावरून पुढे कसं जायचं ते तिथे शिकायला मिळतं.

मला सगळ्यात आशा वाटते ती सप्रयोग व्याख्यानाची. आपल्याकडे हिंदुस्तानी संगीतात हा प्रकार रुळलेला आहे, सोलापुरातल्या श्रोत्यांना तो ओळखीचा आहे. तू बोलायचं मराठीत, आणि बोलता बोलता वाजवून दाखवायचं. विषय फ्यूग, वेळ पाऊण तास. सुरुवातीलाच हुतात्मा स्मृती मंदिर घेऊन हजार खुर्च्यांकडे बघत बसू नकोस; एखाद्या वाचनालयाच्या छोट्या सभागृहात कर, पन्नास माणसं पुरे. खरा पियानो तिथे नसणार, तेव्हा अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा, वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो रिक्षात घालून ने. ओसरीवरच्या तीन बायकांची गोष्ट सांग, एकेक आवाज वेगळा वाजव, मग तिन्ही एकत्र. नोट्स समोर असू देत. मधे अडलीस तर तिथेच सांग, इथे वाट चुकते म्हणून, आणि परत वाजव. त्या पाऊण तासात तुझं वाजवणं आणि लिहिणं वेगळं काढायला कुणाला जमणार नाही. तुझ्या सरांनाही नाही.

बाबांबद्दल मला सहानुभूती आहे. हिशेबाच्या माणसाला 'कला' आणि 'आवड' हे शब्द ऐकवलेस तर तो वही मिटतो. त्याच्यापुढे वही उघड. दर महिन्याची शिकवणीची फी, मुंबईचं तिकीट, सरांची फी, ट्यूनर, दिवाळी अंकाचं मानधन, सगळं जमाखर्चात मांड. मानधनाच्या रकान्यात काय येईल हे मी अनेक वर्षं लिहून ओळखून आहे. त्यात सिद्धेश्वरचं परतीचं आरक्षणही बसत नाही. लिहायला खर्च नाही हे बाबांचं खरंय, पण त्यातून मिळकतही नाही, आणि शिकवणी तर आजही तुला पैसे देते. म्हणजे त्यांच्याच हिशेबानं सोडायचा तर पियानो नव्हे. बी.एड.ला मात्र माझा विरोध नाही. शाळेत संगीतशिक्षिका म्हणून नोकरी मिळाली तर दुपारपर्यंतचा पगार आणि संध्याकाळ मोकळी, ही वाईट व्यवस्था नव्हे. फक्त ते तू ठरव, पियानो सोडल्याचं प्रायश्चित्त म्हणून करू नकोस.

आता उन्हाळा. पियानोत दोनशेहून जास्त तारा असतात, त्यांचा मिळून ताण १८ ते २० टनांच्या आसपास, तो पेलते ओतीव लोखंडाची चौकट, पण सूर मात्र लाकडाच्या भरवशावर. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो, हवा कोरडी ठणठणीत होते, लाकूड आकसतं आणि सूर उतरतो. पाऊस सुरू झाला की लाकूड फुगतं, सूर चढतो. म्हणून मेमध्ये ट्यूनर बोलावणं म्हणजे पैसे पाण्यात. पाऊस स्थिरावून दोन-तीन आठवडे झाले की एकदा, आणि दिवाळीनंतर हवा कोरडी पडून तशीच राहिली की एकदा. पुण्याचा माणूस येतोय तर आणखी कुणाकडे पियानो असेल त्याच्याशी मिळून प्रवासखर्च वाटून घ्या. पियानो पश्चिमेच्या भिंतीला असेल तर आतल्या भिंतीला हलवा. आणि कूलरचा झोत त्याच्यावर कधीही सोडू नका. सोलापुरात प्रत्येक घरात हे होतं: माणसाला गार वाटावं म्हणून लावलेला ओला वारा थेट पियानोत जातो, तारा गंजतात, पट्ट्या फुगून अडकतात. खोलीतली आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं. ४० ते ६० टक्क्यांच्या मधे काटा राहिला तर पियानो खूश. आणि वरची फुलदाणी काढ. तुझ्या घरी ती असणारच.

ता. क.चं उत्तर. हो, सरांना दाखव, छापायला देण्याआधी. वाचता येत नाही म्हणजे कळणारच नाही असं धरून लिहिलेलं लिखाण चोरून केल्यासारखं होतं, आणि मुंबईत मराठी वाचणारा एक तरी विद्यार्थी त्यांच्याकडे असेलच. पुढच्या तासाला आधी फ्यूग वाजव, शेवटपर्यंत. मग त्यांना तो प्रसंग इंग्रजीत किंवा हिंदीत तोंडी सांग, एकही वाक्य न गाळता. तपशील चुकलाय असं म्हणाले तर दुरुस्त कर. त्यांचं खासगी काही उघडं पडत असेल तर ते काढ. नुसतं "असं लिहू नकोस" म्हणाले, तर का, एवढं विचार आणि उत्तर ऐकून घे. लेख आठवडाभर तसाच ठेव. त्यानंतरही तुला तो हवासा वाटला, तर सरांचं नाव काढून छापायला दे.

तुझी,
ताई